बंदूकवाले बाबू

हातात बंदूक न धरता, नुसत्या बंदुकीच्या गोष्टींनी इतकी माणसं पळवून लावणारा आमच्या साडूंसारखा दुसरा गृहस्थ अख्ख्या चांदा जिल्ह्यात झाला नसेल. लग्नाच्या मांडवात ते एखाद्या खुर्चीवर येऊन टेकले की थोड्याच वेळात आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या व्हायला लागत. कुणाला पंगतीची आठवण होई, कुणाला पोराची, कुणाला उगाच बाहेर जाऊन आभाळ बघावंसं वाटे. शेवटी एखादा कानानं अधू असलेला म्हातारा तेवढा उरे आणि तो मान डोलवत बसे. घरी परतताना साडू मला सांगत, "तो बुढा भारी जानकार होता, साडभाऊ. येक शब्द नाई काढला तोंडातून, सारं आयकलं." माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. नागभीड जंक्शनवर मालबाबू होते, म्हणजे मालधक्क्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या पोत्यांचा आणि पेट्यांचा हिशेब त्यांच्याकडे असे. मी तेव्हा ऊर्जानगरला वीज केंद्राच्या कोळसा विभागात होतो. चांदा फोर्टहून छोट्या लाईनची गाडी पकडली की रमतगमत नागभीडला जाता येई, आणि साडूही सुटी मिळाली की तीच गाडी पकडून आमच्या क्वार्टरला येत. त्यांच्यामुळे चारचौघांत मी इतक्या वेळा मान खाली घालून जमिनीकडे बघत उभा राहिलो आहे, की वावर असतं तरी तेवढी जमीन मी बघितली नसती.

दिसायला माणूस असा की त्यांच्या हातात पाखरं उडवायची गुलेरही शोभली नसती. अंगानं काटकुळे, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली, सायकलवर बसताना पायजम्याला लावायची क्लिप दिवसभर पायाला तशीच राहिलेली. रोज सकाळी आंघोळ झाली की बुद्धमूर्तीपुढे उदबत्ती लावून पंचशील म्हणत आणि त्यातलं पहिलं शील तर अक्षरशः पाळत. घरात विंचू निघाला तर त्याच्यावर वाटी उपडी घालून, खालून पुठ्ठा सरकवून, त्याला रुळांपलीकडे सोडून येत. ताई, म्हणजे माझ्या मेव्हणीबाई, म्हणायच्या, "विंचवाले पोचवाले जातेत, पाहुन्याले नाई जात." आणि हाच माणूस उदबत्तीचा वास घरात असतानाच चहाचा पेला हातात घेऊन विचारी, "मोठी तोफ चिखलात फसली तर किती बैल लागत असतीन वो?" फटाक्यांना ते भीत. जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढे पांढरे कपडे घालून चालत, पण दोन्ही कानांत कापूस असे. कुणी हटकलं तर म्हणत, "दारूचा अभ्यास येगळा अन् आवाज येगळा."

हा अभ्यास त्यांच्या मागे लागला तो रेल्वेमुळे. मालधक्क्यावर कुणी न्यायला आलं नाही असं सामान पडून राहिलं की शेवटी त्याचा लिलाव होई. अशाच एका लिलावात ताईंनी त्यांना चहाचे कप आणायला पाठवलं होतं. चांगली जड पेटी होती, आत गवत भरलेलं दिसत होतं. साडूंनी ती घेतली, हमालाच्या डोक्यावर घरी आणली आणि उघडली, तर आत इंग्रजीतले कातडी बांधणीचे जाडजूड ग्रंथ. तोफा, बंदुका, दारूगोळा यांच्या इतिहासाचे, पानापानावर चित्रं. ताई दोन दिवस बोलल्या नाहीत. साडू शब्दकोश घेऊन बसले आणि पुढली कित्येक वर्षं त्यातून उठलेच नाहीत. त्या घरात पुढे पाहुण्यालाही चहा पितळी पेल्यातच मिळाला.

त्यांची मुख्य कथा एकच होती, पण ती कुठूनही सुरू होई. बाहेर पाऊस पडत असला तर ते म्हणत, "अशा पावसात पयलेच्या शिपायाचं काय होत असन?" की झालं. मग तोड्याची बंदूक निघे. तिच्या शिपायाला पेटती दोरी घेऊन हिंडावं लागे, दोरी भिजली की बंदूक म्हणजे काठी. मग गारगोटीची बंदूक, चाप ओढला की दगड पोलादावर घासून ठिणगी पडणारी. मग कुठल्याशा विलायती पाद्र्याची गोष्ट, ज्याला पाखरं मारायचा नाद होता. ठिणगीचा उजेड दिसला की पाखरं गोळी येण्याआधी उडून जात, म्हणून त्यानं ठोकल्याबरोबर पेटणारा मसाला शोधला आणि त्यातून पुढे तांब्याच्या टोपीची बंदूक आली. "पाद्री होता अन् धंदे पाहा," असं म्हणून साडू थांबत. मग काडतूस, मग नळीच्या आतल्या पिळदार खाचा, ज्यांच्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत सरळ जाते. मधेच त्यांची लाडकी गोष्ट येई. एका परदेशी राजाला तोफांची भारी हौस. वेढ्याच्या वेळी आपली नवी तोफ जवळून बघायला तो गेला, तोफ उडण्याऐवजी फुटली, आणि राजाच गेला. या जागी साडू ऐकणाऱ्याच्या आधी हसत, चष्मा काढून डोळे पुसत आणि म्हणत, "दुश्मनाची गरजच नाई पडली."

एकदा आमच्या विभागाचे साहेब सहकुटुंब आमच्याकडे जेवायला आले होते आणि नेमके साडूही मुक्कामाला होते. पुण्याकडची माणसं, नवीनच बदलून आलेली. साहेबांनी सौजन्यानं साडूंना विचारलं की आपल्याला वाचनाची आवड आहे म्हणे. पुढचं मी सविस्तर सांगत नाही. थोड्या वेळानं वरणाची पळी तोफ झाली होती, वाटाणे पायदळ झाले होते आणि साडू समजावत होते की जुना तोफेचा गोळा फुटत नसे, जमिनीवर टप्पे खात जाई आणि वाटेतल्या माणसांचे पाय घेऊन जाई. वाटाण्यांवर भागेना म्हणून त्यांनी ताटातला बुंदीचा लाडू उचलला आणि फरशीवरून सोडला. लाडू खरोखरच दोन टप्पे खात साहेबांच्या बायकोच्या खुर्चीखाली गेला. साडूंनी वाकून बघितलं आणि अतिशय समाधानानं सांगितलं, "बाई, तुमचे दोनी पाय गेले." बाईंनी दोन्ही पाय वर घेतले आणि उरलेलं जेवण तसंच केलं. साहेब हसले, पण ते हसणं दुसऱ्या दिवशी ऑफिसात नव्हतं. ती माणसं पुन्हा आमच्याकडे आली नाहीत आणि माझी बायको लाडू करायची ती नंतर चिवडाच करायला लागली.

चंद्रपुरातही त्यांना घेऊन हिंडणं कठीण. परकोटाजवळून, म्हणजे शहराच्या जुन्या तटाजवळून, जाताना ते सायकल थांबवत आणि दगडांतल्या भोकांत बोट घालून बघत. इंग्रजांनी तोफा लावून हा परकोट फोडला तेव्हाच्या या गोळ्यांच्या खुणा, असं एकदा त्यांनी मोठ्यानं समजावायला घेतलं. दहा-पंधरा माणसं जमली. साडू एका खास भोकाशी आले, त्यात करंगळी घातली आणि कोणत्या बाजूनं गोळी आली असेल ते सांगू लागले. बाजूचा पानठेलेवाला चुना लावता लावता म्हणाला, "थे माह्या ताडपत्रीच्या खिळ्याचं भोक हाय जी. मागच्या उन्हाळ्यात उपसला." माणसं हसत पांगली. मी सायकलच्या चेनमध्ये काहीतरी बघण्यासारखं शोधत होतो. साडूंना मात्र लाज वाटल्याचं मी कधी पाहिलं नाही. त्यांनी बोट पुसलं आणि शेजारच्या भोकात घातलं.

आमच्या धाकट्या मेव्हणीला बघायला कोरपन्याकडचा मुलगा आला, तेव्हाही तसंच. मुलगा पोलिसात होता. गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि त्याची नेमणूक तिकडे जंगलात होती. मुलीला काय येतं, मुलगा काय खातो, हे कुणी विचारायच्या आधी साडूंनी खुर्ची पुढे ओढली.

"बंदूक कोनती देल्ली तुमाले?"

"थ्री नॉट थ्री," मुलगा म्हणाला.

साडूंचा चेहरा जुन्या ओळखीचं माणूस भेटल्यासारखा झाला. "वा. तुमच्या आज्याच्या जमान्याची हाय थे. चांगली होती त्या काळाले."

मुलाचा बाप घसा खाकरून म्हणाला, "बंदूक सरकारची हाय जी. पोरगा आमचा हाय." पण साडूंनी पोह्यांचा चमचा हातात घेतलेला होता आणि त्या बंदुकीचा खटका कसा मागे येतो, रिकामं काडतूस कसं बाहेर पडतं, हे दाखवायला सुरुवात झाली होती. दोन्हीकडची माणसं कपाळाला हात लावून बसली. मुलगी आत पाटावर बसून कंटाळली. लग्न जमलं ते नशीब. पुढे तो मुलगाच एकदा मला म्हणाला, "भाऊ, हो म्हटल्याशिवाय उठताच येत नव्हतं."

साडूंना आपणहून ऐकायला येणारा श्रोता आयुष्यात एकच मिळाला. नागभीडपासून दोन-तीन कोसांवरच्या खेड्यातला सुखदेवभाऊ नावाचा धानाचा शेतकरी. आडत्याची तांदळाची पोती घेऊन बैलगाडीनं मालधक्क्यावर येई. पोती उतरेपर्यंत साडूंच्या टेबलासमोर उकिडवा बसे आणि गोष्ट ऐके, मधे प्रश्न विचारी, आणि पुढल्या खेपेला मागची गोष्ट जिथे राहिली होती तिथून आठवण करून देई. त्यानंच साडूंना बंदूकवाले बाबू हे नाव दिलं आणि ते नागभीडभर झालं. तो ऐके त्याला कारण होतं. त्याच्या घरी आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक होती. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे घालायचे, गजानं ठासायचे आणि टोपी बसवून उडवायची. पिकाच्या राखणीसाठी तिचा परवानाही होता. त्याच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, जंगलाला लागून, धान लोंबीवर आलं की रानडुकरं कळपानं उतरत आणि एका फेरीत वर्षाचं खाणं तुडवून जात. पण बंदूक कित्येक वर्षांत उडाली नव्हती. नळीला गंज चढला होता, खटका अडकत होता. एका हंगामाच्या तोंडावर तो ती गोणपाटात गुंडाळून घेऊन आला आणि म्हणाला, "बाबू, तुमाले दाखवल्याशिवाय कोनाले दाखवू?"

साडूंनी तोवर हजारो बंदुकांची चित्रं पाहिली होती, पण खरी बंदूक हातात घेण्याची ही पहिलीच वेळ. दोन-तीन रविवार ते तिच्यातच होते. रॉकेलमध्ये फडकं भिजवून नळी आतून घासली, खटका सोडवला, तेल दिलं, लाकडाला जवसाचं तेल चोळलं. आम्ही गेलो होतो तेव्हा मी पाहिलं, ते मांडीवर बंदूक घेऊन आणि समोर ग्रंथ उघडून बसले होते आणि एकेका भागाला त्याच्या इंग्रजी नावानं हाक मारत होते. ताई म्हणाल्या, "पयलं पोरगं झालं तवाही येवढे खूश नव्हते." सुखदेवभाऊ न्यायला आला तेव्हा साडूंनी नळी डोळ्याला लावून आभाळाकडे बघितलं, नखानं टिचकी मारली आणि सांगितलं, "येकदम ठणठणीत हाय. अजून शंभर साल चालन."

"येकदा उडवून पाहू का बाबू, इथीच?" सुखदेवभाऊनं विचारलं.

साडू दोन पावलं मागे सरले. "नाई, नाई. थे तुमचं काम. माह्यं काम इतिहासाचं."

धान लोंबीवर आलं, डुकरं उतरली आणि सुखदेवभाऊनं बंदूक उडवली. ती फुटली. नळीला खालच्या बाजूनं, लाकडाच्या आत झाकलेल्या ठिकाणी, जुनी चीर होती. गंज घासताना ती दिसली नव्हती, आणि लाकूड सोडवून बघावं असं साडूंच्या मनात आलं नव्हतं. सुखदेवभाऊच्या डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं गेली. गालावर आणि कपाळावर जळक्या दारूचे काळे ठिपके रुतले. गावातल्या लोकांनी त्याला खाटेवर नागभीडला आणलं आणि तिथून जीपनं चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात.

साडू दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीनं आले. मी कामावर निघालो होतो, तर ते क्वार्टरच्या पायरीवर बसलेले दिसले. आत या म्हटलं तरी उठेनात. कपडे कालचेच होते, शर्टाच्या खिशात मालधक्क्याच्या किल्ल्या तशाच.

"साडभाऊ," ते म्हणाले, "माह्या हातानं झालं."

मी काहीतरी समजुतीचं बोललो असेन. त्यांनी ते ऐकलं नाही. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्यांना घेऊन दवाखान्यात गेलो. वॉर्डात सुखदेवभाऊ भिंतीकडच्या खाटेवर पडलेला होता, डावा हात पांढऱ्या गाठोड्यासारखा बांधून छातीवर ठेवलेला. त्याची बायको यमुनाबाई पायथ्याशी जमिनीवर बसली होती. एक हवालदार स्टूल ओढून जबानी घेत होता. साडू दारातच थांबले.

"दारू कोनी भरली?" हवालदारानं विचारलं.

"मीच भरली जी. जास्ती झाली."

"बंदूक दुरुस्त केली होती का?"

"नाई जी. होती तशी होती."

साडू पुढे झाले. "हवालदारसायब, थे बंदूक..." सुखदेवभाऊनं मान वळवली आणि त्यांना पुढे बोलू दिलं नाही. हवालदाराला म्हणाला, "थे रेल्वेचे बाबू हायत. भेटाले आले. त्यायले यातलं काई मालूम नाई." हवालदारानं मान हलवली, अंगठ्याचा ठसा घ्यायला उजवा हात ओढला आणि गेला. साडू खाटेजवळ उभे होते. त्यांना बसायचं होतं, पण कुठे बसावं ते कळत नव्हतं. सुखदेवभाऊ म्हणाला, "नोकरी जाईन तुमची. राहू द्या." आणि डोळे मिटले.

आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. मागून यमुनाबाई आली. हातात तांब्या होता. ती पाण्याला निघाली असावी असं मला वाटलं, पण ती साडूंसमोर थांबली.

"बाबू, येक इचारू का?"

"इचारा बाई."

"तुमी कधी बंदूक चालवली होती का जी?"

साडूंनी चष्मा काढला. "नाई."

"येकदाही?"

"येकदाही नाई, बाई."

ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नळाकडे निघून गेली. त्या व्हरांड्यात मी पहिल्यांदा साडूंना जमिनीकडे बघताना पाहिलं. इतकी वर्षं त्यांच्यावतीनं ते काम मी करत आलो होतो. आता ते करत होते आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

घरी आल्यावर ते जेवले नाहीत. ताट बाजूला सारून म्हणाले, "तिनं शिव्या देल्ल्या असत्या तर बरं झालं असतं." मग म्हणाले, "थ्या राजाची गोष्ट मी किती लोकायले सांगतली असन? दरवेळी हासलो. नळी फुटते हे मले मालूम होतं, साडभाऊ. येकेका पुस्तकात धा-धा ठिकानी लिहिलं हाय. फुटल्यावर मानसाचं काय होते, थे मी कधी वाचलंच नाई. पान पलटवत गेलो."

नागभीडला परतल्यावर ते ठाण्यात गेले. ताईंनी अडवलं, तरी गेले. फौजदाराला सगळं सांगितलं, खटका मी सोडवला, नळी मी घासली, मी ठणठणीत म्हटलं. फौजदारानं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाला, "बाबू, जखमी मानूस म्हनते दारू जास्ती झाली. प्रकरण मिटलं. तुमी उगाच काऊन डोक्याले ताप करून राह्यले?" साडूंनी चहा प्यायला आणि ते घरी आले. शिक्षा मागायला गेलेला माणूस चहा पिऊन परत आला, हे त्यांना सगळ्यांत जास्त लागलं. ताई सांगत, की नंतर कित्येक दिवस ते कुणाच्याही घरी चहा घेत नसत.

बंदुकांची गोष्ट त्या दिवसापासून बंद झाली. ग्रंथ पेटीत गेले आणि पेटी खाटेखाली. आम्ही सगळे आधी सुटलो असं समजलो. आता लग्नात त्यांच्या शेजारच्या खुर्च्या भरायला लागल्या. माणसं निवांत बसून धानाचा भाव, पोरांचे निकाल बोलत आणि साडू हो ला हो करत. कुणी मुद्दाम चावी द्यायला म्हणून विचारी, "बाबू, तोफेचं काय म्हनता?" तर ते म्हणत, "आता ध्यानात नाई राहत," आणि उठून बाहेर आभाळ बघायला जात. धाकट्या मेव्हणीच्या पोलिसातल्या नवऱ्यानं एकदा त्यांना खुलवायला आपल्या नव्या बंदुकीबद्दल सांगायला घेतलं. साडूंनी त्याच्या हातावर हात ठेवला आणि विचारलं, "हात संभाळून वापरता ना?" एवढंच.

सुटीच्या दिवशी मात्र ते सायकल काढत आणि सुखदेवभाऊच्या गावी जात. त्याच्या हाताला नांगर पेलत नव्हता, विळाही धड धरता येत नव्हता. साडू पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून बांधीत उतरत. शेतीचं त्यांना काडीचं ज्ञान नव्हतं. चिखलात त्यांचा पाय रुतला की दोन माणसं लावून काढावा लागे. यमुनाबाई त्यांच्याशी बोलत नसे. पाणी देई ते बांधावर ठेवून जाई. तिचा पहिला शब्द त्यांना निंदणाच्या वेळी मिळाला. साडू मन लावून एका बाजूनं उपटत चालले होते, तेव्हा ती पलीकडच्या बांधावरून म्हणाली, "थे धान हाय बाबू. थे नका उपटू." साडूंनी हातातली मूठ बघितली आणि उपटलेली रोपं एकेक करून परत चिखलात खोचायला लागले. बाजूच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. यमुनाबाई हसली नाही, पण येऊन त्यांच्या शेजारी ओळीला लागली आणि गवत कोणतं, धान कोणतं ते बोटानं दाखवत गेली.

बंदूक नव्हती म्हणून डुकरं यायची थांबली नव्हती. लोंब्या भरायला लागल्या की साडू रजा टाकून तिथेच राहायला जात. बांधीच्या कडेला चार लाकडांवर मचाण होतं, त्यावर बसून तेलाचा रिकामा डबा बडवायचा. आम्ही भेटायला गेलो तेव्हा ते सकाळी मचाणावरून उतरत होते, डोळे सुजलेले, आवाज बसलेला. मी म्हटलं, "भाऊ, रखवालदार ठेवू या ना एखादा." ते म्हणाले, "मले जमते." ताईंनी त्यांना काही म्हणायचं सोडून दिलं होतं. जेवणाचा डबा घेऊन त्याही एकदा मचाणावर चढल्या म्हणे. डुकरं आली का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "आली असतीन. ह्यायच्या आवाजानं मलेच काई आयकू नाई आलं."

दुसऱ्या वर्षी धान चांगलं झालं. नवा तांदूळ निघाल्यावर सुखदेवभाऊनं आम्हां सगळ्यांना जेवायला बोलावलं. निरोप यमुनाबाईचा आहे, असं त्यानं दोनदा सांगितलं. दुपारची वेळ होती. अंगण सारवलेलं, पाटांऐवजी बांबूच्या विणलेल्या तट्ट्या टाकलेल्या, नव्या तांदळाच्या भाताचा वास घरभर. जेवणं झाली. सुखदेवभाऊ उरलेल्या दोन बोटांत आणि तळव्यात पानाचा डबा धरून बसला होता, सवय झाली होती त्याला. सुपारी कातरायला डबा यमुनाबाईकडे सरकवून तो म्हणाला, "बाबू, बहुत दिवस झाले. तोड्याच्या बंदुकीपासून सांगा ना."

साडूंनी नकारार्थी मान हलवली. ताई माझ्या बायकोकडे बघायला लागल्या. यमुनाबाईनं अडकित्ता खाली ठेवला आणि म्हणाली, "सांगा जी. मी कधी आयकली नाई. हेच येऊन आयकवत होते, अर्धी विसरून."

त्यांनी सुरुवात केली. आवाज इतका हळू, की आम्ही तट्ट्या पुढे सरकवल्या. गोष्ट तीच होती, पण मी ऐकलेली नव्हती. पेटती दोरी हातात घेऊन उभ्या राहिलेल्या शिपायाचा हात पोळत असेल का, हे ते सांगत होते. तोफेपाशी बारा महिने उभं राहून बहिऱ्या झालेल्या गोलंदाजाला त्याची बायको घरी गेल्यावर कशी हाक मारत असेल. चिखलात तोफ ओढताना गुडघ्यावर आलेले बैल. पाद्र्याची गोष्ट आली, पाखरं उडून गेली, पण साडू तिथे थांबले नाहीत, पुढे गेले. राजाची गोष्ट त्यांनी घेतली नाही. मग टोपीची बंदूक आली, ठासणीची, नळीतून भरायची, आणि तिथे ते थांबले.

अंगणात कोंबड्या भाताचे दाणे टिपत होत्या. सुखदेवभाऊ वाट बघत होता.

"मंग?" यमुनाबाईनं विचारलं. "तिच्या पुढं काय झालं?"

काडतुसं, पिळाच्या खाचा, एका दमात शेकडो गोळ्या झाडणाऱ्या बंदुका, सगळं साडूंना तोंडपाठ होतं. कधीकाळी इथून पुढेच त्यांना रंग चढत असे.

"पुढं," ते म्हणाले, "पुढं सुधारतच गेल्या, बाई."

यमुनाबाईनं कातरलेली सुपारी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती तोंडात टाकली नाही, मूठ मिटून तशीच धरून बसले. उन्हं कलायला लागली तेव्हा सुखदेवभाऊनं गाडी जुंपायला सांगितलं आणि आम्ही निघालो. त्यानंतर साडू अजून पुष्कळ वर्षं होते, निवृत्तीनंतर नागभीडलाच राहिले, आणि त्या अंगणात त्यांनी ती गोष्ट अधूनमधून सांगितल्याचं माझ्या कानावर येई. ठासणीच्या बंदुकीपुढे मात्र ती कधी गेली नाही.